पलीकडच्या राज्यातली शाळा

रविवारी दुपारी सगळ्यांनी जमायचं ठरलं होतं, आणि आक्का शुक्रवारपासूनच तो दिवस टाळता येईल का ते बघत होती.

शुक्रवारी ती धाकट्या भावजयीबरोबर पलीकडच्या राज्यातून परतली. बसच्या प्रवासाने अंग आंबून गेलं होतं, पण ते काय, दोन दिवसांत उतरलंच असतं. खरी धास्ती वेगळीच होती. रविवारी तिचे वडील, आबा, सगळ्यांसमोर तिच्याकडे वळून विचारणार होते, "आक्का, तू डोळ्यांनी बघून आलीस, तू सांग," आणि काय सांगायचं ते तिला ठाऊक असूनही तोंडातून काढता येणार नव्हतं.

धाकटा भाऊ कापड गिरणीत रंगमास्तर होता. त्याच्या बोटांची नखं कायम निळी-तांबडी असायची. साबणाने, लिंबाने, कशाकशाने घासली तरी रंग जायचा नाही. गिरणीच्या मालकांनी रंगखातं उचलून सीमेपलीकडे न्यायचं ठरवलं, तसं वर्षभर 'बघू, बघू' म्हणत त्याने दिवस ढकलले. आता सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. वाटा दोनच होत्या. बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन तिकडे संसार मांडायचा, नाहीतर त्यांना आबांच्या आणि आक्काच्या हवाली करून आपण एकट्याने खोली घेऊन राहायचं, जमेल तसं सणासुदीला येऊन जायचं.

घरातल्या सगळ्यांचा कौल दुसऱ्या वाटेला होता. आबांचा तर होताच. मधला भाऊ विमा कंपनीत होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, पण घर फुटायला नको असं त्यालाही मनापासून वाटत होतं. भावजय नर्स होती, इथल्या दवाखान्यात तिचा जम बसला होता. तीही राहायलाच तयार होती. एवढंच म्हणाली होती, की मुलांच्या शाळेचं कारण सांगून नाही म्हणायचं असेल, तर ती शाळा एकदा बघून तरी येऊ या. आक्का तिच्यासोबत गेली ती खरं म्हणजे नाक मुरडायलाच गेली.

कारण आक्काला ही मुलं जवळ हवी होती. नवरा गेल्यावर ती या घरी परत आली, त्यानंतर काही वर्षांनी धाकट्याची मुंगी जन्मली. लहानपणी कायम काहीतरी ओढत असायची, कधी चप्पल, कधी रिकामा डबा, म्हणून मुंगी. आता आठ वर्षांची होती. तिच्या पाठचा ढम्या चार वर्षांचा. आई रात्रपाळीला गेली की दोघंही आत्याच्या अंथरुणात घुसत. ढम्या लाथा मारायचा आणि मुंगी डोळे मिटून शाळेतले धडे घडाघडा म्हणून दाखवायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ऐकता ऐकता आक्काला झोप लागायची.

शाळा म्हणजे घराच्या मागचीच. परसातली भिंत हीच शाळेची भिंत. आबा तिथे भूगोल शिकवायचे, पुढे मुख्याध्यापक झाले. तिन्ही भावंडं तिथेच शिकली आणि आक्का आता तिथेच शिकवत होती. आई होती तेव्हा कुणाचा डबा राहिला, कुणाची वही राहिली, तर ती पाटावर उभी राहून भिंतीवरून ते द्यायची, आणि पलीकडून जो कुणी हात वर करील त्याच्या हातात ठेवायची. त्यामुळे कितीदा तरी धाकट्याचा डबा भलत्यानेच खाल्ला होता. शाळेत आबांना 'सर' म्हणायचं आणि भिंतीच्या अलीकडे 'आबा', असा कडक नियम होता. पण तिसरीत असताना धाकट्याने भर वर्गात हात वर करून "आबा, मला शू लागली," असं सांगितलं. त्या दिवसापासून अख्खा वर्ग त्यांना आबा म्हणू लागला, मग अख्खी शाळा, मग सगळं गाव. गुरकावून पाहिलं, छडी आपटून पाहिली, शेवटी आबांनी हात टेकले.

तेव्हा त्या शाळेत साहेबाचा मुलगा आणि साहेबाच्या ड्रायव्हरचा मुलगा एका बाकावर बसायचे. पोरांना इथे घालता यावं म्हणून लोक या बाजूला भाड्याने खोल्या घेत. पावसाळ्यात व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागायची आणि मधल्या सुट्टीत आपली छत्री ओळखण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. आबांना अजून त्या छत्र्या दिसत असत. बोलायला लागले की शाळा कालच सुटल्यासारखं बोलत, आणि आक्का त्यांना आड येत नसे. व्हरांड्यात आता तिचाच वर्ग भरायचा, खोल्या पुरत नव्हत्या म्हणून. हेही ती घरी फारसं बोललेली नव्हती.

रविवारी ताटं मांडून सगळे बसले. मुलांना आधीच जेवायला घालून बाहेरच्या खोलीत सोडलं होतं. मधल्याची बायको माहेरी गेली होती, तो एकटाच आला होता, लॅपटॉप घेऊन. दोन घास पोटात गेले न गेले तोच त्याने तो स्टुलावर उघडून ठेवला.

त्याने मेहनत केली होती. या राज्यातल्या आणि त्या राज्यातल्या सरकारी शाळा त्याने एकमेकींसमोर उभ्या केल्या होत्या. दहावीचा निकाल कुणाचा किती, एका शिक्षकामागे मुलं किती, आठवीनंतर शाळा सोडणारी किती, प्रयोगशाळा किती शाळांत आहे, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह किती शाळांत आहे. तो एकेक रकाना वाचत गेला आणि जवळजवळ प्रत्येकात आपलं राज्य वरचढ निघालं. एका शिक्षकामागे मुलांचा आकडा तेवढा तिकडचा बरा होता, तो त्याने न लपवता सांगितला. मधल्याचं ते लहानपणापासून तसंच. कलिंगडाच्या फोडी तो दोऱ्याने मोजायचा, आणि मोजून स्वतःची मोठी निघाली तर गुपचूप बदलूनही द्यायचा.

आबा जेवायचे थांबून ऐकत होते. निकालाचा आकडा आला तेव्हा त्यांनी ओठ मिटून मान हलवली, जणू तो निकाल त्यांनीच लावला होता. धाकटा ताटाकडे बघत होता. जावं असं त्याच्या मनात होतं की नव्हतं कुणास ठाऊक. पण पोरांचं नुकसान करून कशाला, असं तो म्हणाला.  भावजय सारखी उठून वाढत होती, कुणी मागितलं नसतानाही.

आक्का तिचे हात बघत होती, आणि तिला तो गुरुवार आठवत होता.

पलीकडची शाळा गिरणीच्या नव्या वसाहतीला लागून होती. दुमजली, गिलावा ठिकठिकाणी सुटलेला. ग्रंथालय म्हणून दाखवलं ते एक कपाट. मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांनी उठून स्वागतबिगत केलं नाही, बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि आपल्या कामाला लागल्या. आक्काने मनातल्या मनात सगळे दोष टिपून घेतले. बोली आपलीच, फक्त हेल वेगळा, त्यालाही तिने नाक मुरडलं. मग तिसरीच्या बाई आल्या. त्यांना सर्दी झाली होती, सारख्या रुमालाने नाक पुसत होत्या. मुंगीला घरी ठेवलं नव्हतं, बरोबरच नेलं होतं. बाईंनी तिच्यापुढे एक पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, वाच बघू.

पानावर चित्र होतं. चुलीवर किटली, आणि खिडकीपाशी एक मुलगी. मुंगीने क्षणभर पाहिलं आणि सुरुवात केली. एक मुलगी होती. तिचे बाबा लांब गेले होते. जाताना सांगून गेले होते की किटलीची शिट्टी वाजेल तेव्हा मी येईन. म्हणून ती रोज किटली ठेवायची, आणि शिट्टी वाजली की पळत खिडकीपाशी जायची. एकदा तर पाणी संपलं, तरी तिने नुसतीच किटली ठेवली. मुंगी न अडखळता बोलत होती, मध्येच पुस्तकातल्यासारखा आवाज काढत होती. आक्का कौतुकाने पुढे वाकली, आणि तिला पानावरचा मजकूर दिसला. पाणी तापलं की त्याची वाफ कशी होते, याची ती माहिती होती. गोष्ट कुठेच नव्हती.

बाईंनी तिला मध्ये तोडलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "छान आहे गं. पण ही तुझी गोष्ट झाली. आता पुस्तकातली सांग." आणि त्यांनी चित्रावर आपला रुमाल टाकला. मुंगी पानाकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. बाईंनी एका अक्षरावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मुंगीने मान खाली घातली.

बाई शांतपणे म्हणाल्या की अशी मुलं दर वर्गात चार-दोन असतात. बहुतेकदा हुशार असतात, पाठ करून निभावून नेतात. अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत. त्यांच्यासाठी इथे रोज सकाळी शाळा भरायच्या आधी वेगळा तास असतो, त्याचं शिक्षण घेतलेली एक बाई आहे. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांत गेल्या काही वर्षांपासून ही सोय आहे. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की जणू पाणी कुठे प्यायचं ते दाखवत होत्या.

परतीच्या बसमध्ये मुंगी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग तिने आईला विचारलं, त्या बाई रागावल्या नाहीत ना. नाही, म्हणून आईने सांगितलं. पुष्कळ वेळाने म्हणाली, "तिथे गेले तर मला सगळं पाठ नाही ना करावं लागणार?"

भावजयीने तोंड फिरवलं. पुढच्या थांब्यावर मुलगी पाणी प्यायला उतरली तेव्हा तिने आक्काचं मनगट धरलं. "आक्का, घरात कुणाला सांगू नका. सगळे मास्तर आहेत आपल्याकडे. तिला समोर बसवतील, वाच म्हणतील, आणि नाही जमलं की सांभाळून घेतील. आजवर सांभाळूनच घेतलंय सगळ्यांनी." आक्काने कबूल केलं. मुंगीच्या वर्गाच्या बाई आक्काच्या जिवाभावाच्या मैत्रीण होत्या. तोंडी परीक्षेत मुंगी पहिली यायची आणि लेखीत त्या तिला, आक्काची भाची म्हणून, हात सैल सोडून गुण द्यायच्या. कुणी वाईट वागलं नव्हतं.

"आक्का," आबा म्हणाले. "तू बघून आलीस. तू सांग."

आक्काने पाण्याचा घोट घेतला. भावजय हातात वाढायचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. ती स्वतः 'जाऊ या' म्हणाली असती तर सुनेने मुलाला तोडून नेलं असंच झालं असतं, हे तिलाही कळत होतं आणि आक्कालाही.

"सगळ्यांनी जावं," आक्का म्हणाली.

मधल्याने चष्मा काढला. आबांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आक्का म्हणाली की मुलं बापाजवळ असलेली बरी, आणि शाळा चांगली आहे. मधल्याने विचारलं, कशात चांगली? इमारत? निकाल?  आक्का आपली एवढंच म्हणाली, मी बघून आले ना. मधला दुखावल्या आवाजात म्हणाला की रात्री जागून हे सगळं काढलं ते काय उगाच, आणि एवढी वर्षं त्या शाळेत शिकवणारी तूच जर असं म्हणायला लागलीस तर बोलणंच खुंटलं. आबा तर नुसते तिच्याकडे बघत होते. आपल्या शाळेत काय कमी आहे, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज इतका हळू झाला की आक्काला त्यांच्याकडे बघवेना.

मग धाकट्याने मान वर केली. त्याला वाटलं त्याला कळलं. "आक्का, तू दमलीस का गं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमची पोरं सांभाळून?"

 भावजय बोलायला पुढे झाली, तशी आक्काने तिच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

"हो," आक्का म्हणाली. "दमले."

आबा ताटावरून उठले. अर्धं अन्न तसंच टाकून उठलेलं त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. हात धुऊन ते बाहेरच्या खोलीत गेले. मधल्याने लॅपटॉप मिटला. धाकटा बहिणीच्या जवळ येऊन बसला आणि म्हणाला की आधी सांगायचंस ना, आम्हाला कळायला हवं होतं. आणि ती समजूत ऐकणं आक्काला सगळ्यात जड गेलं.

ती भांडी घेऊन स्वयंपाकघरात आली. तिथून बाहेरची खोली दिसायची. आबा आरामखुर्चीत बसले होते, मुंगी त्यांच्या पायाशी. मन अस्वस्थ झालं की आबा नकाशांचं मोठं पुस्तक काढून बसत. आताही काढलं होतं. पलीकडच्या राज्याचं पान उघडून ते मुंगीला म्हणाले, "तुझे बाबा जिथे जाणार ते गाव काढ बघू शोधून."

आक्काचा हात नळाखाली थांबला. बाहेर जावं, काहीतरी निमित्त काढून पोरीला हाक मारावी, असं तिला वाटलं. पण ती तिथूनच बघत राहिली.

मुंगीचं बोट नकाशावरून फिरू लागलं. नदीवरून गेलं, डोंगरावर आलं. तिची नजर मात्र नकाशावर नव्हती. ती आबांच्या भुवयांकडे बघत होती. बोट जवळ आलं की त्या भुवया वर चढत, लांब गेलं की खाली येत. आबांना ते स्वतःलाही ठाऊक नसेल. बोट डावीकडे सरकलं, थोडं खाली, अजून थोडं. आबांची भुवई उचलली गेली. मुंगी थांबली. "हे."

"शाबास," आबा म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. जन्मभर पोरांपुढे उभे राहिलेले मास्तर होते ते. म्हणाले, "आता अजून एक." गावाचं नाव सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

मुंगीचं बोट जिथे होतं तिथेच राहिलं. ती वाट बघत होती. मग हळूच म्हणाली, "आबा, डोळे उघडा ना."

आबांनी लगेच उघडले नाहीत. उघडले तेव्हा त्यांनी तिचं बोट आपल्या हातात धरलं, त्या दुसऱ्या गावावर नेलं, आणि एकेक अक्षर दाखवत ते नाव तिच्याबरोबर म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग तिला खेळायला पाठवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"पोरगी नकाशा वाचत नाही," ते म्हणाले. "माझा चेहरा वाचते."

आक्काने नळ बंद केला.

"तिथे आहे कुणी? हे शिकवणारं?"

"आहे. रोज सकाळी वेगळा तास घेतात."

"आणि आपल्याकडे?"

"आबा, माझा वर्ग व्हरांड्यात भरतो. साठ मुलं आहेत."

हे तिने त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. आबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. आपल्या वेळी अशी किती पोरं होऊन गेली असतील, असं काहीतरी ते पुटपुटले. एक-दोघांचे चेहरे त्यांना आठवले असावेत, कारण ते बराच वेळ पलीकडे भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तू दमलेली नाहीस."

"नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी आई गेली तेव्हा केलं होतं, त्यानंतर कधी नाही. मग ते आत गेले आणि सगळ्यांना सांगितलं की मी म्हणतो, चौघांनी जावं. मधला पुन्हा आकड्यांवर येऊ लागला तसं त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तुझे आकडे बरोबर आहेत रे. त्यात आपली नात नाही, एवढंच." मधल्याला त्याचा अर्थ लागला नाही, पण वडिलांचा तो सूर त्याच्या ओळखीचा होता. त्याने वाद घातला नाही. रात्री भावजयीने नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत जायच्या आधी धाकटा आक्काच्या खोलीत येऊन तिच्या पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसून गेला.

सुट्टी लागली तशी ती चौघं गेली. ढम्याला वाटत होतं आत्याही येणार. सामानाच्या गाडीत त्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. आक्काने त्याला सांगितलं की मी मागून येते, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत हसत राहिली. मग आत येऊन तिने दोन अंथरुणं घडी करून माळ्यावर टाकली. त्यानंतर कितीतरी दिवस रात्री तिला झोपच लागेना. धडे म्हणणारं कुणी नव्हतं.

फोन यायचे. भावजयीला गिरणीच्या दवाखान्यात काम मिळालं. ढम्या हेल काढून बोलायला लागला. सुरुवातीला मुंगी फोनवर यायचीच नाही. सकाळच्या तासाला जायचं नाही म्हणून रडते, असं तिची आई सांगायची. तिथली मुलं तिला चिडवायची. आपण चुकलो का, असं आक्काला वाटत राही. आबांना काय वाटे ते बोलत नसत, पण फोन वाजला की हातातलं टाकून येत.

पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी मुंगीचा स्वतःहून फोन आला. ती आईबरोबर बसमधून कुठेतरी चालली होती. मागे गाड्यांचा आवाज होता.

"आत्या, थांब हं," ती म्हणाली. "बस उभी आहे. समोर पाटी आहे."

"बरं."

"कसली आहे सांगते. थांब." मग बराच वेळ काहीच नाही. "शि... शिला... नाही. शि-व-ण. शिवण." श्वास घेतला. "शिवणका... म."

आक्काच्या जिभेवर पुढचे शब्द आपोआप येत होते. एवढी वर्षं अडखळलेल्या पोरांना तिने तेच तर दिलं होतं. तिने ओठ घट्ट मिटून धरले. आबा शेजारी येऊन उभे राहिले होते, हात पुढे करून. मला दे, मला दे, असं खुणावत होते. तिने त्यांचा हात बाजूला केला.

"शिवणकाम आणि..." पलीकडे बस सुरू झाल्याचा आवाज आला. "आत्या, बस निघाली. पाटी गेली. पुढे काय होतं?"

"मला काय माहीत," आक्का म्हणाली. "तूच बघितलीस ना."

 मुंगी म्हणाली, "परत येताना वाचते," आणि फोन ठेवून दिला.